पंगत आणि जोडी

मणिकर्णिकेकडून गंगेच्या काठाने उत्तरेस चालू लागले म्हणजे शिंदे घाट, भोसले घाट, मेहता घाट असे टप्पे ओलांडीत यात्रेकरू रामघाटावर येऊन पोहोचतो. तेथून पुढे जटार घाट, ग्वाल्हेरकरांचा घाट आणि मग पंचगंगा, दुर्गाघाट व ब्रह्माघाट. ही नावे नुसती ऐकली तरी काशीच्या या भागावर महाराष्ट्राची छाया किती दाट पडली आहे, हे ध्यानात यावे. अरुंद बोळांत उभे असलेले दगडी वाडे, त्यांच्या चौकांतून कानी येणारी मराठी बोली, आणि रामघाटावरील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयासारख्या संस्थांत चालणारा वेदघोष, यांमुळे दक्षिणेकडचा यात्रेकरू येथे आला की परक्या मुलखात आल्यासारखा बावरत नाही.

हा ऋणानुबंध मराठी राज्याहून जुना आहे. पैठणच्या रामेश्वर भट्टांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस बिऱ्हाड केले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट हे काशीच्या पंडितसभेचे अग्रणी झाले, आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. पहिल्या बाजीरावांच्या मातुश्री राधाबाई 1735 साली काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा वाटेतील राजेरजवाड्यांनी त्यांचा आदरसत्कार केला. अहिल्याबाईंनी 1780 साली विश्वनाथाचे मंदिर उभारले. पेशवाईच्या उतरत्या काळात अमृतराव पेशवे काशीस येऊन राहिले, आणि 1818 नंतर चिमाजी आप्पाही तेथेच आले. त्यांच्याच पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी झाशीच्या राणीचा जन्म झाला, हे सर्वश्रुत आहे.

राजकारणाचा हा पसारा काळाच्या उदरात गेला; मागे उरली ती देवळे, घाट आणि अन्नछत्रे. मराठी माणसाने काशीत जो पैसा ओतला, त्याचा मोठा भाग दगडात गेला हे खरे. पण जो दगडात गेला नाही तो पत्रावळीवर गेला. काशीत अन्नपूर्णेच्या दारी कोणी उपाशी राहू नये, ही भावना त्यामागे होती. मात्र ‘कोणी’ या शब्दाची व्याप्ती त्या काळी फार मर्यादित होती. बहुतेक छत्रे ब्राह्मणांसाठी, आणि त्यांतही कित्येक ठराविक शाखेच्या किंवा ठराविक प्रांतीच्या ब्राह्मणांसाठी असत. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा भरे, तेथेही न्याय हाच. चार दरवाजांतून ब्राह्मणांची रीघ लागे आणि दक्षिणा वाटली जाई. आणि त्याच पुण्यात, त्याच दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने होनाजी शेलारखाने नावाचा गवळी लावण्या रचीत असे व बाळा करंजकर त्या गात असे. कवी एक, गाता दुसरा. परंतु लोकांनी त्या दोघांचे मिळून ‘होनाजी-बाळा’ असे एकच नाव केले. दरबारात या जोडीला मान होता, बिदागी होती. रमण्याच्या दारात मात्र कलेची नव्हे, जातीची विचारणा होई.

पंगत आणि जोडी यांची ही गाठ महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात पुनःपुन्हा पडते, आणि दर वेळी ती थोडी टोचते.

भोजन आणि विनोद यांचे नाते मुळात वैराचे नाही. केळीचे पान, पाट, रांगोळी, उदबत्ती, आपोशन आणि चित्राहुती हा पंगतीचा विधी जितका गंभीर, तितकेच त्यानंतरचे वातावरण मोकळे. कोणी श्लोक म्हणतो, कोणी आग्रहाने वाढतो, कोणी जिलबीची पैज लावतो. लग्नात विहिणीची पंगत बसली की रुखवताची गाणी सुरू होतात. त्यांत व्याह्यांची अशी रेवडी उडवितात की, एरवी तसा एक शब्द कोणी उच्चारला असता तर लग्न मोडले असते. काशीकडे हीच प्रथा ‘गारी’ या नावाने चालते. वऱ्हाडी जेवावयास बसले की बायका गाण्यांतून त्यांना शिव्या देतात, आणि ज्याला शिवी मिळाली नाही तो आपला मान राहिला नाही म्हणून रुसतो! पान समोर आहे, हात उष्टा आहे, अशा वेळी माणसाला रागावून उठता येत नाही. जेवणाऱ्याला खरे बोल ऐकविण्याची ही सोय लोकपरंपरेने फार पूर्वी शोधून काढली होती.

या सोयीचा सर्वांत खोल उपयोग ज्याने केला, तो पुरुष काशीस येऊन गेलेला होता. एकनाथांनी (1533–1599) भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी टीका लिहावयास घेतली. तिचे आरंभीचे अध्याय काशीस पोहोचले आणि संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल पंडितांनी नाथांना तेथे बोलावून जाब विचारला, अशी परंपरा आहे. विरोध मावळला आणि ग्रंथ काशीतच, पंचमुद्रा पीठात, शके 1495 च्या कार्तिकी पौर्णिमेस म्हणजे 1573 साली पुरा झाला. पुढल्याच वर्षी तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानसाचा आरंभ केला, आणि देशभाषेच्या अपराधाबद्दल काशीकरांचा रोष त्यांनाही सोसावा लागला. पंडितांचा आक्षेप एकच होता: देवाची गोष्ट बाजारच्या बोलीत का सांगता?

नाथांचे खरे उत्तर त्या टीकेत नाही, भारुडांत आहे. टीका काही झाली तरी शास्त्रीच वाचणार. भारूड मात्र चव्हाट्यावर उभे राहते. विंचू चावलेला, भुताने पछाडलेला, आंधळा, बहिरा, मुका, जोशी, वासुदेव, गोंधळी, फकीर, कोल्हाटीण, महार असा गावगाड्यातील आणि गावगाड्याबाहेरचा सारा लोक नाथांनी त्यात बोलता केला. काशीच्या घाटांवर नाना प्रांतींचे, नाना पंथांचे जे लोक त्यांनी पाहिले असतील, त्यांचाही या मेळ्यात वाटा असावा. त्यांच्या कित्येक भारुडांतील हिंदुस्थानी बोली ऐकली म्हणजे हा तर्क अगदीच निराधार वाटत नाही.

या रचनांत दोन संवाद विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एक हिंदू आणि तुर्क यांचा. दोघे भर रस्त्यात एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टिंगल करतात. एकाने वर्म काढावे, दुसऱ्याने त्याहून नाजूक वर्म काढावे, असे करीत करीत अखेरीस दोघांनाही उमगते की भांडण शब्दांचे आहे, आणि ते परस्परांना आलिंगन देतात. दुसरा संवाद ब्राह्मण आणि महार यांचा. ब्राह्मण दटावतो, महार वर तोंड करून उत्तर देतो. ब्राह्मणाचा प्रत्येक वार त्याच्यावरच उलटतो आणि शेवटी, तुझा गुरू कोण, असे त्यालाच विनयाने विचारावे लागते. ही दोन्ही भारुडे एकट्याने म्हणण्याची नव्हेत. ती दोघांची आहेत. एकाने दिमाखाने बोलावे, दुसऱ्याने भोळेपणाचे सोंग घेऊन त्या दिमाखाला टाचणी लावावी, आणि ऐकणाऱ्यांनी हसता हसता आपण नेमके कोणाला हसलो याचा विचार करीत घरी जावे.

नाथांच्या चरित्रात पंगतीचेही दोन प्रसंग आहेत. महिपतींनी ते अठराव्या शतकात ओवीबद्ध केले आणि तेव्हापासून ते घराघरांत पोहोचले. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास येऊन एका भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाची लेकरे लाळ घोटू लागली. नाथांनी ते सारे अन्न त्यांना वाढले. निमंत्रित ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवून गेले. दुसऱ्या प्रसंगी नाथ एका महार भक्ताच्या घरी जेवावयास गेले. या कथांतील चमत्काराचा भाग ज्याचा त्याने मानावा. परंतु शेदीडशे वर्षांनंतरच्या चरित्रकारालाही पंगतीचीच आठवण ठळकपणे सांगावीशी वाटली, याचा अर्थ ती जखम जनमानसात ताजी होती. 1935 साली ‘प्रभात’च्या शांतारामांनी बालगंधर्वांना घेऊन नाथांवर बोलपट काढला, तेव्हा त्याचे ‘महात्मा’ हे मूळ नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या संताची पंगतही परीक्षण मंडळाला निर्धोक वाटली नव्हती.

भारुडातील ही दोघांची रीत पुढे अनेक वाटांनी फुटली. गोंधळात संबळ, तुणतुणे आणि दिवटी यांच्या साथीने नाईक आख्यान लावतो, आणि त्याचा साथीदार मध्येच एखादा खुळचट प्रश्न विचारून त्याला अडवितो. हा खुळा प्रश्न मोठा कामाचा असतो. ज्या श्रोत्याला कथा समजली नाही त्याच्यासाठी ती पुन्हा सांगता येते, ज्याला झोप आली आहे तो जागा होतो, आणि यजमानाला जे स्पष्ट सांगता येत नाही ते त्याच्या तोंडावर सांगून टाकता येते. तमाशात या साथीदाराचा सोंगाड्या झाला. गण होतो, गवळणीत पेंद्या आणि मावशी येऊन धुमाकूळ घालतात, मग बतावणी रंगते आणि त्यानंतर वग. यांपैकी बतावणी म्हणजे शुद्ध दोघांचे काम. ढोलकी आणि हलगी थांबलेली, तुणतुणे मुके, झीलकरी मागे उभे, आणि पुढे दोन माणसे केवळ शब्दांच्या बळावर हजारांच्या समुदायाला खिळवून धरीत आहेत. लिहिलेली संहिता बहुधा नसतेच. आज गावात काय घडले, पाटलाने कोणाची म्हैस बांधून ठेवली, कोणत्या पुढाऱ्याचे आश्वासन वाहून गेले, हे सायंकाळी चहाच्या दुकानात ऐकावे आणि रात्री रंगमंचावर आणावे, अशी ही विद्या आहे.

लावणीची कीर्ती उत्तरेसही पोहोचली होती. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांच्यापासून तुर्रा व कलगी हे दोन पक्ष झाल्याचे तिकडे सांगतात. महाराष्ट्रातील शाहिरांतही तुरा शिवाचा आणि कलगी शक्तीची, असा सवाल-जवाबाचा झगडा रात्र रात्र चाले. काशीच्या चौखंभा मोहल्ल्यात राहणारे भारतेंदु हरिश्चंद्र (1850–1885) हे आधुनिक हिंदीचे जनक, पण त्यांनाही लावणी लिहावीशी वाटली. चौखंभा आणि रामघाट यांत फारसे अंतर नाही. तेथल्या वाड्यांत चाललेल्या वेदपठणाची नोंद विद्वानांनी केली. बोळाच्या तोंडाशी डफावर थाप पडली असेल तर तिची नोंद ठेवणारा कारकून मात्र कोणी नेमला नव्हता.

महाराष्ट्रात ही जोडीची कला एका घराण्यात पिढ्यान् पिढ्या नांदली. सांगलीजवळच्या कवलापूर गावचे खाडे घराणे ते हेच. प्रथम सातू-हिरू कवलापूरकरांचा फड गाजला, त्यानंतर शिवा-संभा यांचा, आणि त्यापुढच्या पिढीत संभाजी खाडे यांचे जुळे पुत्र लहू आणि अंकुश रंगमंचावर आले. दर पिढीत दोन नावे, आणि ती जोडूनच घ्यावयाची! ‘जहरी प्याला’ या वगात या जुळ्या भावांनी काळू आणि बाळू अशा दोन शिपायांची कामे केली. ती इतकी लोकप्रिय झाली की, आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली आणि फडाच्या पाटीवर ‘काळू-बाळू’ हीच अक्षरे झळकू लागली. चेहरा एक, चाल एक, आवाजही पुष्कळसा एक. हुकूम कोणी दिला आणि चूक कोणाची झाली याचा उलगडा साहेबालाही होऊ नये आणि प्रेक्षकालाही. सरकारी अंमलदाराच्या रुबाबावर केलेला इतका निर्विष आणि इतका अचूक विनोद क्वचितच पाहावयास मिळे. ज्यांनी कचेऱ्यांत आयुष्य काढले, त्यांना तर तो अधिकच पटला असेल.

सरकारने मात्र तमाशाकडे नेहमी हसूनच पाहिले असे नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत, अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई इलाख्यात तमाशावर बंदी आली. शेकडो फडांचे पोट त्यावर अवलंबून होते. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली आणि संहिता तपासून परवाने देण्याची पद्धत सुरू झाली. पण ज्या बतावणीची संहिताच नसते ती तपासावयाची कशी, असा पेच या व्यवस्थेपुढे उभा राहिला असल्यास नवल नाही. कागदावर एक लिहून द्यावे आणि रात्री भलतेच बोलावे, हा सोंगाड्याचा परंपरागत हक्कच होता.

गावोगावी या फडांना आणखी एक काम पडे. शाळेची इमारत अर्धवट राहिली आहे, मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार अडला आहे, तालमीचे छप्पर उडाले आहे, अशा वेळी पंचमंडळी तमाशाचा खेळ ठरवीत. तिकिटांचे उत्पन्न फडाची सुपारी वजा जाता कार्यास जाई. यात्रेच्या दिवशी भंडारा असेल तर सारा गाव जेवी आणि रात्री खेळ पाही. शहरांत हीच रीत अधिक प्रतिष्ठित रूपाने होती. 8 जुलै 1921 रोजी मुंबईस केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, तो मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला.

त्यानंतर सहाच वर्षांनी मुंबईतच दुसऱ्या एका जोडीने अशीच मदत देऊ केली, आणि ती घेतली गेली नाही. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (1866–1945), हे जन्माने ब्राह्मण. तमाशाच्या वेडापायी त्यांनी कुळकर्ण सोडले, जात सोडली, आणि संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळा या महार समाजातील कलावतीबरोबर फड उभा केला. बापूरावांची लेखणी आणि पवळेचा गळा या जोडीने मुंबई वेडी केली. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा होता आणि त्यासाठी निधी हवा होता. बापूरावांनी आपल्या तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न देऊ केले. आंबेडकरांनी ते नाकारले. अस्पृश्य समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्याच समाजाच्या स्वाभिमानाच्या लढ्यास कसा चालावा, हा त्यांचा प्रश्न होता.

या नकारात कठोरपणा आहे, पण अन्याय नाही. बापूरावांनी जातीचा त्याग करून जे सोसले ते खरे, त्यांची देण्याची इच्छाही खरी असावी. तरीही त्यांचा त्याग स्वेच्छेचा होता. पवळेला तशी निवड कोणी दिली नव्हती. ‘मानापमान’च्या प्रयोगाला तिकीट काढणारा प्रेक्षक नटांच्या पायांवर फुले वाहत होता, तमाशाला येणारा प्रेक्षक दौलतजादा फेकीत होता. मदत तीच, हेतूही तोच, परंतु पैशाबरोबर प्रेक्षकाची नजरही पेटीत पडते. आंबेडकरांना ती नजर दिसत होती. पुढे पवळेचा वियोग झाला आणि बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात दारिद्र्यात गेले.

पंगतीचा प्रश्न मात्र निधीने सुटणारा नव्हता. तो पंगतीतच सोडवावा लागणार होता. रत्नागिरीस सावरकरांनी 1930 नंतर सहभोजने घडवून आणली. ‘निर्भीड’चे संपादक अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण सुरू केले. पूजेला अस्पृश्य मानलेले दांपत्य बसावे, शिऱ्याऐवजी प्रसाद झुणका-भाकरीचा असावा, आणि तो सर्वांनी एकत्र बसून खावा. कल्पना विनोदी लेखकाची शोभावी अशी, आणि गद्रे होतेही तसेच खट्याळ लेखणीचे गृहस्थ. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘समतानंद’ म्हटले. शिऱ्याच्या जागी झुणका ठेवला की सनातन्यालाही हसू येई. आणि हसू आलेला माणूस पाटावरून उठून जाण्यास थोडा उशीर लावतो.

खेड्यांत हे लोण पोहोचावयास वेळ लागला. यात्रेच्या दिवशी फड गावात येई, तेव्हा पंच त्याला शिधा देत: पीठ, डाळ, तेल, मिरच्या, आणि यजमान सढळ असला तर गुळाचा खडा. देवळापुढे भंडाऱ्याची पंगत बसलेली असे. फडाची माणसे गावाबाहेर, गाड्या सोडलेल्या असत तेथे, तीन दगड मांडून चूल पेटवीत. भाकरी झाली की ढोलकीवाला हात धुऊन तिला शाई लावावयास बसे, सोंगाडी तोंडाला रंग फासू लागत, आणि गावकरी तृप्तीने ढेकर देत, पटका सावरीत, हसावयास म्हणून तंबूकडे येऊ लागत.